डुलणाऱ्या खुर्चीचं नाव

रविवार, सकाळ

प्रिय ढब्ब्या,

पत्र खुशालीने सुरू करायचं असतं, म्हणून करतो. इकडे आम्ही सगळे ठीक. हिचा खोकला गेला, खोकल्याबद्दलची तक्रार तेवढी राहिलीय. माझी तब्येत नेहमीसारखीच, म्हणजे कुणी विचारलं तर बरी. तू ताईंकडे जाऊन पडला आहेस, तिथे त्या तुला तिन्ही त्रिकाळ खायला घालत असतील आणि तिन्ही त्रिकाळ बोलत असतील. दोन्ही निमूट गिळ. वहिनी बुधवारी तिकडे यायला निघणार आहेत, त्यांच्या हाती हे पत्र देतोय.

फोन का नाही केलास, म्हणशील. केला होता की. पण तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे मी "हॅलो" म्हणायचं आणि "ठेवतो" म्हणायचं, मधलं सगळं तू. परवा मी "अरे, जरा ऐक" म्हणून तोंड उघडलं, तर तू म्हणालास, "ते मला ठाऊक आहे." काय ठाऊक आहे तुला, डोंबल! म्हणून लिहितोय. कागदाला तू मधेच तोडू शकणार नाहीस.

आधी कारखान्याची बातमी. तू गेल्यापासून आपल्या खुर्च्या डुलायला लागल्या आहेत. तुझ्या जागी त्यांनी वखारीकडचा मिस्त्री आणून बसवलाय. त्याच्या सांध्यात पाचर ठोकूनही बोट जाईल इतकी फट. मी खुर्ची माझ्या त्या दगडी लादीवर ठेवतो, समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर हात दाबतो, की टक्. दुसरी ठेवतो, टक्. परवा त्याला म्हणालो, "मिस्त्री, मागचा पाय टेकत नाहीये." त्याने करवत घेतली आणि पुढचा पाय कापला. मग डावा टेकेना. तो कापला. मी म्हणतोय, "अहो, आधी सांधा बघा, पाय कुठे पळून चाललेत?" तर म्हणे, "तुमचं काम तपासायचं, शिकवायचं नाही." जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्या खुर्चीची बैठक माझ्या गुडघ्याखाली आली होती. आमचा हिशेबनीस म्हणाला, राहू दे, बालवाडीची ऑर्डर आली की काढू.

तुझ्या हातची एकसुद्धा खुर्ची माझ्या लादीवर कधी वाजली नाही. हे मी तुला तोंडावर कधी बोललो नसेन, तू आधीच काय कमी फुगतोस! पण लेखी घे.

आता त्या बाई. ज्यांनी तुला चौकशी पुरी होईपर्यंत बिनपगारी घरी बसवलं, त्या आपल्या मॅनेजरबाई. खरं सांगू? बाई वाईट असत्या तर बरं झालं असतं, मनसोक्त शिव्या घातल्या असत्या. पण बाई भल्या आहेत, आणि भल्या माणसाच्या तावडीतून सुटायला वाट नसते. तू गेल्यावर लगेच त्यांनी सगळ्यांना जेवणाच्या खोलीत बसवलं आणि तासभर समजावलं. बाहेर कामाच्या जागी भिंतीवर प्लास्टिकचं आवरण घातलेला कागद लावला, 'आपण शब्द जपून वापरूया.' मला पुढच्या रांगेत बसवलं होतं. मधेच माझ्याकडे हात करून म्हणाल्या, "हे आपले विशेष सहकारी." आणि टाळ्या! पॉलिशवाल्यांनी तर हात लाल होईपर्यंत वाजवल्या, तेवढाच कामातून सुटलेला वेळ. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक उगाच म्हणत नाहीत. मी आपला बुटाच्या नाड्या बघत बसलो.

तेव्हापासून त्या माझ्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलतात. "तुम्ही. बरे. आहात. ना?" पाय बारीक राहिला की कानही आपोआप जातात, अशी त्यांची समजूत दिसते. मी "हो" म्हणतो. मग त्या माझ्या दंडावर हात ठेवतात आणि दार उघडून धरतात. वीस वर्षं मी ते दार खांद्याने ढकलून आत जातोय रे. आता त्यांनी धरलेल्या दारातून जाताना माझा पाय नको इतका ओढला जातो.

आणि घरी येऊन तोंड उघडायचीही सोय उरलेली नाही. गुरुवारी पाण्याच्या कचेरीत फोन लावला, पलीकडचा बाबा ऐकूनच घेईना. मी ओरडलो, "बहिरे आहात का?" ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "कागद लावा भिंतीवर." मग दिवसभर मी स्वतःलाच पकडत बसलो. आंधळा कारभार. लंगडी सबब. मुका मार. ठार वेडा. अरे, हे सगळं काढून टाकलं तर भांडायला उरतं काय? गाढव उरतं. गाढव अजून तरी तक्रार घेऊन ऑफिसात आलेलं नाही. हिला हे सांगितलं तर हसली, पण लगेच थांबली आणि म्हणाली, "तुम्ही त्यांना ते लिहिलंत का?"

ते म्हणजे, उद्याचा सोडून पुढच्या सोमवारी जी सुनावणी आहे, तिचं. तुझा निरोप मिळाला. तू म्हणतोस, मी सोमवारी आत येऊन वरून आलेल्या दोन साहेबांसमोर एवढंच सांगायचं, की "हा मला लंगड्या म्हणायचा त्याचं मला कधीच काही वाटलं नाही." दोन मिनिटांचं काम. बाईही म्हणाल्यात, ज्याला म्हटलं त्यानेच साहेबांपुढे हरकत नाही म्हटलं तर प्रकरण मिटलं. तू परत कामावर.

लिहितो त्याबद्दल. ही जेवायला बोलावतेय, पान वाढलंय. नंतर लिहितो.

मंगळवार, दुपारची सुट्टी

नंतर म्हणता म्हणता मंगळवार उजाडला. उद्या वहिनी निघतील. डबा न उघडताच लिहायला बसलोय, कारण आज सकाळी जे झालं त्याने माझं डोकं ठिकाणावर नाही.

सकाळी पहिलीच खुर्ची लादीवर ठेवली, टक् वाजलं. तिकडून नवा मिस्त्री मान वर न करता ओरडला, "काय, विशेष आहे का?" सगळे खो खो हसले. पंधरा मिनिटांत ते सगळ्यांच्या तोंडी झालं. "ही पण विशेष निघाली." "ती विशेषमध्ये टाक." त्याच कागदाखाली उभं राहून, ढब्ब्या! प्लास्टिकचं आवरण घातलेल्या त्या कागदाखाली! शब्द नवाकोरा, दुकानातून कालच आणल्यासारखा, आणि हसू मात्र तेच. बाई तेव्हा तिथून जात होत्या. त्यांनी ऐकलं आणि त्यांना वाटलं, माल विशेष चांगला निघालाय. हसून मान डोलावली त्यांनी.

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे अंगण खरोखरच वाकडं आहे, आणि सगळे मिळून पाय कापत बसलेत. मी ती खुर्ची उचलली आणि नव्या मिस्त्रीच्या टेबलावर आदळली. "सांधा बघ," म्हणालो. त्याला वाटलं मी कामाचं बोलतोय.

आता तू म्हणशील, बघ, मी काय सांगत होतो? शब्दावर काही नसतं, मनात काय आहे त्यावर असतं, आणि माझ्या मनात तर प्रेम होतं. आई पोराला वेडा म्हणत नाही का? म्हणते. गालाला हात लावून म्हणते आणि पोर खुशीत येतं. पण तीच आई त्याला वेड्यांच्या इस्पितळाच्या दारात घेऊन उभी असेल तेव्हा म्हणेल का? नाही म्हणणार. तिथे तिला तो शब्द नुसता कानावर पडला तरी ती पदराने पोराचं तोंड झाकेल.

आणि "तू मला ढब्ब्या म्हणतोस, मी कधी रडलो का?" हेही तू म्हणणारच आहेस, तुझं सगळं मला पाठ आहे. अरे, ढब्बू होतास तेव्हा होतास. आता तुझ्या पँटी पट्ट्यावर टिकत नाहीत. तुझं नाव तुझ्या अंगातून कधीच उतरून गेलंय, म्हणून ते गोड लागतं. माझ्या पायाला तसं उतरता येत नाही.

हे बघ, मी पुन्हा वळसा घालून चाललोय. सरळ लिहितो.

चौकशीच्या दिवशी तू बाहेर बाकावर बसला होतास. मी आतून आलो आणि नुसती मान हलवली. तू उठलास, माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, "जाऊ दे, तू तुझ्याकडून केलंस." तेव्हापासून तू ताईंना, वहिनींना, भेटेल त्याला सांगतोयस की सगळा कारखाना फिरला, पण हा एकटा माझ्या बाजूने उभा राहिला. वहिनींनी परवा डोळ्यांत पाणी आणून हिच्यापाशी तेच सांगितलं. ही माझ्याकडे बघत राहिली.

मी तुझ्या बाजूने उभा राहिलो नाही. बाईंनी विचारलं, "हा शब्द ऐकून तुम्हाला काय वाटतं?" मी म्हणालो, "वाईट वाटतं."

एवढंच. कुणी माझा हात पिरगळला नव्हता. "काही नाही वाटत हो, बालमित्र आहे माझा" असं म्हणायचं मी घरूनच ठरवून निघालो होतो. रस्ताभर मनात घोकलं होतं. आणि तोंडातून हे आलं. बाईंनी ते लिहून घेतलं, पुन्हा विचारलं, "नक्की?" तेव्हा परत घ्यायची संधी होती. मी म्हणालो, "नक्की." बाहेर येऊन तुझं तोंड बघितलं आणि नुसती मान हलवली. तू खांद्यावर हात ठेवलास तेव्हाच सांगायला हवं होतं. धीर झाला नाही, बस्स.

आता ओरडून घे. घेतलंस? मग पुढचं वाच.

तुला तो दिवस आठवतो का, गणिताच्या परीक्षेत मी पहिला आलो होतो आणि मास्तर म्हणाले होते, "वासरात लंगडी गाय शहाणी"? अख्खा वर्ग हसला होता. सगळ्यात मोठ्याने तू हसलास. मधल्या सुट्टीत सगळे मला लंगडी गाय, लंगडी गाय करत मागे लागले, तेव्हा तू मधे उभा राहिलास आणि म्हणालास, "याला लंगड्या मी म्हणणार. फक्त मी. दुसऱ्या कुणी म्हटलं तर दात पाडीन." आणि एकाचा पाडलासही. त्याची आई तुमच्या दारात येऊन किती भांडली होती! तुला घरी मार बसला आणि दुसऱ्या दिवशी सायकल घेऊन तू पुन्हा आमच्या दारात हजर, "चल रे लंगड्या." त्या दिवसापासून तो शब्द तुझा होता. तुझ्या तोंडून तो आला की मला वाटायचं, आता बाकीच्यांचं काही चालणार नाही. लोकांना हे समजणार नाही. बाईंना तर कधीच समजणार नाही. पण मला ते आवडायचं. हे मी शपथेवर सांगेन.

मग आपण इथे एकत्र कामाला लागलो. तू सांध्यावर, मी लादीवर. आणि एक दिवस कुणाची तरी खुर्ची डुलली तेव्हा तू हसत ओरडलास, "लंगड्या, तुझ्या नावाची खुर्ची आली रे!" सगळे हसले. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी पॉलिशवाला तेच ओरडला. मी तुझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता तू उठशील. दात नको पाडूस, वय झालं आपलं, पण निदान डोळे तरी वटारशील. तू हसत होतास. मजेत होतास. तू तुझा शब्द त्याला देऊन टाकला होतास, आणि तो तुझा नव्हताच मुळी, ढब्ब्या, तो माझा होता.

मग तो सगळ्यांचा झाला. डुलली की लंगड्या. नाकारलेल्या खुर्च्यांचा तो कोपऱ्यातला ढीग, तोही लंगड्या. "ही लंगड्यात टाक." "लंगड्यातून दोन काढ, पाय बदलून देतो." दिवसभर कारखान्यात कुठूनही माझं नाव यायचं आणि मी दर वेळी मान वर करायचो. दर वेळी ते खुर्चीसाठी असायचं. शेवटी शेवटी मी मान वर करणंच सोडलं, मग एकदा तू खरोखर मला हाक मारत होतास तेव्हाही मी बघितलं नाही. तू चिडलास, "कान गेले का तुझे?" म्हणालास. आठवतंय?

तक्रार करणारी ती पॉलिशमधली नवी मुलगी तुझ्या डोक्यात बसलीय, मला माहीत आहे. तिच्यावर राग धरू नकोस. तिचं काय झालं ते तुला कुणी सांगितलेलं नाही. आल्याच्या पहिल्या आठवड्यात ती माझ्यापाशी आली, हातात खुर्ची, आणि साधेपणाने विचारलं, "काका, लंगड्या कुठेय? ही त्यात टाकायचीय." तिला वाटलं ते जागेचं नाव आहे. गोदामाचं, कपाटाचं असतं तसं. मी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. ती वळली, आणि तेवढ्यात तू तिकडून मला हाक मारलीस, "ए लंगड्या, चहाला चल!" मी उठलो आणि चालायला लागलो.

त्या पोरीने आधी त्या ढिगाकडे बघितलं, मग माझ्या पायाकडे, मग माझ्या तोंडाकडे. तिच्या हातातली खुर्ची तशीच राहिली. मला आयुष्यात लोकांनी खूप नजरांनी बघितलंय, कीव, कुतूहल, सगळं सवयीचं आहे. पण तिला माझी लाज वाटत नव्हती, तुमची सगळ्यांची वाटत होती. आणि मी तुझ्याबरोबर हसत चहाला चाललो होतो म्हणून थोडी माझीही. तो चहा मला गेला नाही. तू माझ्या कपातला उरलेला पिऊन टाकलास.

एवढं सगळं मी तुला आजवर का नाही सांगितलं, हा प्रश्न रास्त आहे. सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, "अरे वेड्या, मनाला काय लावून घेतोस?" आणि मी म्हणालो असतो, "छे रे." आपलं सगळं बोलणं असंच चालतं. भीती हीही होती की तू मला नावाने हाक मारायला लागशील, बाईंसारखा सावकाश बोलशील, दार धरशील. तेही मला नकोय. मला काय नको ते धडाधड सांगता येतं, हवंय काय ते सांगताना माझी जीभ अडते. आज सांगतो.

सोमवारी मी येणार आहे. आत जाणार आहे. त्या साहेबांना सांगणार आहे की याच्यासारखा सांधा या कारखान्यात कुणाला जमत नाही, याला घरी बसवून तुम्ही फक्त बालवाडीच्या खुर्च्या तयार कराल. मी चालू शकत नव्हतो तेव्हा हा मला सायकलवर बसवून शाळेत न्यायचा, चढावर उतरून ढकलायचा, पण मला उतरू द्यायचा नाही, हेही सांगणार आहे. पण "मला कधीच काही वाटलं नाही" हे वाक्य मी म्हणणार नाही. तुझी नोकरी त्या एका वाक्यावर अडकलीय हे मला कळतंय. दोन रात्री झोप नाही मला. तरी नाही म्हणणार. एकदा तोंडातून खरं निघालंय, ते आता मी तुझ्यासाठीसुद्धा गिळणार नाही.

एक मार्ग आहे, तो तुझ्या हातात आहे. बाईंचा कागद काही करू शकणार नाही, ते आज सकाळी बघितलंच. त्यांनी उद्या तिसरा शब्द आणला तर ही मंडळी परवा तोही खुर्चीला चिकटवतील. पण तुझं ऐकतात ते. तू त्यांचा मोठा मिस्त्री आहेस, तुझ्या एका हाकेवर हात थांबतात. साहेबांसमोर तू म्हण, "मला कारखान्यात उभं राहून चारचौघांत बोलू द्या." आणि मग तिथे उभा राहून त्यांना सांग, की याला ते मी म्हणायचो, माझा मित्र म्हणून. तुम्हाला मी ते दिलं, ही माझी चूक झाली. आता परत द्या. तू वाटलंस, तूच गोळा करून आण. दात पाडायची गरज नाही.

तुला हे पटणार नाही. तू म्हणशील, एवढ्याशा गोष्टीसाठी मी चारचौघांत मान खाली घालू? मी रोज घालत होतो, ढब्ब्या. नाड्या मोजून झाल्यात माझ्या.

सुट्टी संपल्याची घंटा झाली. ताईंना नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा, लाकडाच्या धुळीत नसलास की तुझे सांधे आखडतात. वहिनींना या पत्रातलं काय सांगायचं, काय नाही, ते तू ठरव. मी त्यांना पाकीट चिकटवून देतोय.

खाली सही करायला पेन टेकवलं आणि थांबलो. आजवर तुला जेवढ्या चिठ्ठ्या लिहिल्या, प्रत्येकीखाली मी तोच शब्द लिहीत आलो, माझ्याच हाताने, ऐटीत. आज हात चालत नाही. माझं खरं नाव लिहावं तर तुला ते परक्या माणसाचं वाटेल, आणि मलाही.

सोमवारी सकाळी मी फाटकाशी उभा असेन. तू लांबूनच हाक मारशील, तुला राहवणार नाही. काय हाक मारतोस ते मी ऐकेन. काहीही मारलीस तरी तुझ्याबरोबर आत येईन, एवढी काळजी करू नकोस. फक्त मान वर करीन की नाही, ते आत्ताच सांगता येत नाही.

तुझा मित्र